आकाशातून झेप घेताना शरीराची ठेवण

आपल्या जिल्ह्यातील एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेत ॲरिझोना राज्यात असतात आणि सुट्टीच्या दिवशी विमानातून उडी मारण्याचा, म्हणजे स्कायडायव्हिंगचा खेळ शिकतात. आतापर्यंत चौदा उड्या झाल्या आहेत. त्या लिहितात, "प्रशिक्षक त्याला दर वेळी म्हणतात की, तुझे पाय कुठे आहेत ते तुला कळत नाही. तो हे फोनवर हसत सांगतो, पण मला काळजी वाटते. पायांच्या नसांचा काही आजार तर नसेल ना? शिवाय उडी मारून आला की दोन दिवस कंबर आणि मान धरलेली असते."

या सदरात एरवी गुडघेदुखी, मधुमेह, मुलांचे जंत असे विषय येतात. विमानातून उडी मारणाऱ्याच्या कंबरेचा विचार करण्याची पाळी प्रथमच आली. परंतु प्रश्न चांगला आहे. पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर उडी घेतली, पुढे २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हापासून आपल्याकडील मुलामुलींना हा खेळ अगदीच परका राहिलेला नाही. परदेशी गेलेली मुले तर तो हौसेने शिकतात आणि घरची मंडळी इकडे देव पाण्यात घालून बसतात. म्हणून या आठवड्यात, हवेतून पडताना शरीर कसे ठेवावे, ते तसे का राहत नाही आणि त्यासाठी जमिनीवर काय तयारी करावी, हे पाहू.

प्रथम त्या भगिनींच्या शंकेचे उत्तर. बहुधा हा आजार नाही. आपले पाय कुठे आहेत हे आपल्याला न पाहताही कळते, कारण स्नायूंत, सांध्यांत आणि तळपायाच्या कातडीत बारीक संवेदक असतात, ते मेंदूला सतत खबर देत असतात. या खबरीत तळपायाला लागणाऱ्या जमिनीचा वाटा फार मोठा असतो. हवेत जमीन नाही. पाय मागे आहेत, ते डोळ्यांना दिसत नाहीत. वारा ताशी १९० किलोमीटरच्या वेगाने पोटऱ्या वर ढकलतो आहे आणि मन घाबरलेले आहे. अशा वेळी जवळजवळ प्रत्येक नवशिक्याचे पाय हरवतात. मात्र हाच मुलगा जमिनीवर, अंधारात चालताना अडखळत असेल, डोळे मिटून तोंड धुताना बेसिनवर झुकत असेल, तळपायांना मुंग्या येत असतील, तर ती गोष्ट निराळी. तेव्हा रक्तातील साखर आणि ब-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. शाकाहारी घरांतील तरुणांत ब-१२ ची कमतरता आपण समजतो त्याहून बरीच जास्त आढळते.

बॅडमिंटनचे फूल

माणूस हवेतून स्थिर कसा पडतो, हे समजण्यासाठी बॅडमिंटनचे फूल हाती घ्यावे. या खेळाला एके काळी 'पूना' असेच नाव होते, कारण एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी तो खेळत असत. फूल कसेही फेका, उलटे फेका, आडवे फेका, ते क्षणात वळते आणि बूच पुढे, पिसे मागे अशा स्थितीतच खाली येते. जड भाग पुढे जातो आणि वाऱ्याला अडवणारा पसरट भाग मागे राहतो, एवढेच त्यातले रहस्य आहे.

माणसाच्या शरीरात बुचाचे काम ओटीपोट आणि खुबे करतात. पालथे पडताना ओटीपोट सर्वांत खाली, आणि छाती, डोके, हात, पाय हे सारे त्याच्यापेक्षा वर, अशी कमान झाली की शरीराचे फूल बनते. मग पोट जमिनीकडे ठेवण्यासाठी वेगळी खटपट करावी लागत नाही, वाराच ते काम करतो. याच्या उलट, माणूस पोटाकडे दुमडला, म्हणजे गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी गेली, की बुचाची जागा पाठ घेते. तो उताणा होतो. यात त्याचे नशीब किंवा धैर्य यांचा काही संबंध नाही, फुलाचा नियमच तसा आहे. यावरचा उपायही त्याच नियमात आहे. उताणे झाल्यावर हातपाय झाडण्याऐवजी पुन्हा कमान केली, तर शरीर आपोआप पालथे होते.

ही गोष्ट माणसाला पूर्वीपासून ठाऊक नव्हती. छत्री उघडण्यापूर्वी काही काळ नुसते पडत राहिले तर शुद्ध हरपते, अशी बऱ्याच जणांची समजूत होती. २८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात लेस्ली अर्विन यांनी विमानातून उडी मारून, थोडे पडून, मग स्वतःच्या हाताने छत्री उघडली. शुद्ध शाबूत राहिली. उतरताना घोटा मात्र मोडला. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस लिओ व्हॅलेंटिन या फ्रेंच सैनिकाने पाठीची कमान करून, हातपाय पसरून स्थिर पडण्याची रीत बसवली. आजच्या शाळांत शिकवतात ती ठेवण त्याच रीतीची सुधारलेली आवृत्ती आहे. व्हॅलेंटिन १९५६ मध्ये लिव्हरपूल येथे लाकडी पंख लावून उडण्याच्या प्रयत्नात मरण पावले, तो भाग निराळा.

भीतीचा स्नायूंवर परिणाम

मग ही सोपी कमान नवशिक्याला का जमत नाही? जमिनीवर चटईवर तर सगळ्यांना जमते.

अचानक मोठा आवाज झाला, पायाखालची पायरी चुकली, की आपले शरीर काय करते ते आठवून पाहावे. खांदे कानांकडे जातात, हनुवटी खाली येते, कोपरे अंगाशी येतात, पोट आवळते, गुडघे वाकतात. ही जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया आहे. पोटातले नाजूक अवयव वाचवण्यासाठी निसर्गाने ती दिली आहे. विमानाच्या दारात हीच क्रिया जागी होते. म्हणजे ज्या क्षणी शरीर उघडायचे, नेमक्या त्याच क्षणी ते मिटू पाहते. नवशिक्याचे शिक्षण म्हणजे मुख्यतः या एका सवयीविरुद्धचे शिक्षण आहे, आणि ते दोन-चार उड्यांत पुरे होईल ही अपेक्षा करू नये.

दुसरी अडचण खुर्चीची. संगणकासमोर आठ-दहा तास बसणाऱ्या माणसाच्या खुब्याच्या पुढच्या बाजूचे स्नायू आखडतात आणि नितंबाचे स्नायू सुस्त होतात. असा माणूस कमान करायला गेला की खुबे उघडत नाहीत, मग तो कंबरेतून वाकतो. डोळ्यांना कमान दिसते, पण ती खोटी कमान असते. कंबरेचे खालचे मणके एकमेकांवर दाबले जातात, ओटीपोट मात्र जागचे हलत नाही. पत्रातल्या चिरंजीवांची कंबर धरते याचे एक कारण हे असावे. योगासने करणाऱ्यांनीही सावध राहावे. भुजंगासन उत्तम येते म्हणून पुष्कळ जण निर्धास्त असतात. पण भुजंगासनात आपण जमिनीवर हात टेकून पाठ उचलतो, तर येथे नितंब आवळून ओटीपोट पुढे लोटायचे असते. जोर कंबरेत जाणवला तर चुकले, नितंबात जाणवला तर बरोबर, एवढी खूण पुरे.

कंबर धरण्याचे दुसरे कारण फारसे कोणी सांगत नाही. उडी झाल्यावर छत्रीची घडी घालावी लागते. नवशिका जमिनीवर गुडघे टेकून, पाठ वाकवून, त्या निसटत्या कापडाशी बराच वेळ झुंजत असतो. दिवसातून चार उड्या म्हणजे चार घड्या. आकाशातल्या चार मिनिटांपेक्षा जमिनीवरचे हे तास कंबरेला अधिक महाग पडतात. घडी घालताना पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकावे, गुडघ्याखाली जाड कापड घ्यावे, अधूनमधून उभे राहावे.

अंग सैल सोडणे

विहिरीत पोहायला शिकलेल्या वाचकांना एक गोष्ट आठवेल. पाठीला डबा किंवा पांगाऱ्याचा ओंडका बांधून पोराला पाण्यात सोडत. पोर हातपाय ताठ करून आरडाओरडा करी आणि तेवढेच बुडे. काठावरून एकच सूचना येई, "अंग सोड." ज्या दिवशी अंग सुटे त्या दिवशी पाणी उचलून धरी. हवेचेही तसेच आहे. ताठरलेले शरीर वाऱ्यावर तव्यावरच्या पापडासारखे थरथरते, डुगडुगते; सैल शरीराखालून वारा वाट काढून जातो.

येथे नवशिक्यांचा गोंधळ होतो. कमान करा म्हणतात आणि सैल राहा म्हणतात, दोन्ही एकदम कसे जमावे? याचे उत्तर असे की, काम फक्त नितंबांच्या स्नायूंनी करायचे आणि थोडेसे पायांनी. बाकी सारे अंग वाऱ्याच्या हवाली करायचे. हात तर वाऱ्यावर नुसते ठेवायचे. कोपर खांद्याच्या रेषेत, कोपरात साधारण काटकोन, पंजे डोक्याच्या पातळीला आणि डोळ्यांच्या कडेला दिसतील असे. खाली मोठी उशी आहे आणि तिच्यावर हात विसावले आहेत, असे समजावे. हात पुढे ताणले की शरीर मागे सरकू लागते; एक कोपर खाली दाबले की त्या बाजूला वळू लागते. पुष्कळांना वाटते की आपण स्थिर आहोत आणि जगच फिरते आहे.

सैल होण्याची किल्ली श्वासात आहे. उडी घेताना दहापैकी नऊ जण श्वास कोंडून धरतात, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. काहींना वाटते एवढ्या वाऱ्यात श्वास घेताच येणार नाही. तसे काही नाही. श्वास व्यवस्थित घेता येतो. दारातून निघताना जोराने श्वास सोडावा. श्वास सोडला की पुढचा आपोआप आत येतो, आणि लांब उच्छ्वासाने हृदयाची धडधड थोडी उतरते, खांदे खाली येतात. प्रशिक्षक 'हसा' म्हणतात ते फोटोसाठी नव्हे. हसताना जबड्याचे आवळलेले स्नायू सुटतात आणि त्यांच्याबरोबर मानेचेही. हवेत बोलणे ऐकू येत नाही म्हणून प्रशिक्षक खुणा करतात. पंजा हलवून दाखवला की 'सैल हो', दोन बोटे सरळ केली की 'पाय लांब कर'. या खुणा घरी तोंडपाठ कराव्यात. हवेत अर्थ आठवत बसण्याइतका वेळ नसतो.

हरवलेले पाय

आता मूळ तक्रारीकडे वळू. गुडघे थोडे वाकलेले, साधारण पंचेचाळीस अंशांत, दोन्ही गुडघ्यांत खांद्याएवढे अंतर, पावलांची बोटे मागे ताणलेली, अशी पायांची ठेवण हवी. नवशिक्याच्या बाबतीत वारा पोटऱ्यांना वर ढकलतो आणि टाचा नितंबांकडे जातात. पाय असे गुंडाळले गेले की मागच्या बाजूला वाऱ्याला अडवणारे काही उरत नाही आणि शरीर मागे मागे घसरते. याउलट पाय अगदी ताठ केले तर ते पुढे सरकते. आणि एक पाय लांब, एक आखूड असेल, तर ते वळू लागते. बहुतेक जणांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त कामाचा असतो. त्यामुळे न मागता आलेली वळणे हाताची कमी आणि पायांची जास्त असतात. नवशिका मात्र हातांनी दुरुस्ती करत बसतो, कारण हात दिसतात.

पाय दिसत नाहीत, जमीन नाही, मग ते ओळखायचे कसे? नडगीवरच्या वाऱ्यावरून. गुडघ्याखालचे हाड, म्हणजे नडगी, तिच्यावर कातडीखाली चरबी फारशी नसते आणि स्पर्श चांगला कळतो. दोन्ही नडग्यांवर वाऱ्याचा दाब जाणवतो का, आणि सारखाच जाणवतो का, एवढेच मनाला विचारायचे. जाणवत नसेल तर पाय गुंडाळले गेले आहेत असे समजून ते वाऱ्यावर हलकेच दाबायचे. सायकलच्या पायडलवर पाय नुसता टेकवावा इतका जोर पुरतो. दोन्ही टाचा एकमेकींवर एकदा टेकवून पुन्हा पूर्ववत करणे ही दुसरी युक्ती. टाचा भेटल्या म्हणजे दोन्ही पाय सारखे होते. नाही भेटल्या तर कोणता चुकला ते कळते.

विमानातून निघतानाची एक बाब येथेच सांगतो. सुरुवातीचे दहा-बारा सेकंद वारा खालून येत नाही. विमान पुढे धावत असते, म्हणून तो समोरून येतो आणि मग हळूहळू खालून येऊ लागतो. त्या काळात जमिनीला पोट दाखवणारा गडबडतो. वाऱ्याला पोट दाखवायचे असते, जमिनीला नव्हे. नजर क्षितिजावर ठेवली की हनुवटी वर राहते आणि छातीही मागोमाग उघडते. खाली पाहिले की डोके खाली जाते आणि शरीर त्याच्या मागे. मात्र हनुवटी वर म्हणजे मान मागे मोडणे नव्हे. मान धरणाऱ्यांनी हे तपासावे. शिरस्त्राणावर कॅमेरा लावण्याची घाई तर मुळीच करू नये. अमेरिकेतील पॅराशूट संघटना त्यासाठी २०० उड्यांचा अनुभव सुचवते. छत्री उघडताना बसणाऱ्या हिसक्यात तेवढे जादा वजनही मानेला सोसावे लागते, शिवाय दोऱ्या त्यात अडकण्याचा धोका असतोच.

चूक जिवावर कधी बेतते

इतका वेळ ठेवणीबद्दल लिहिले ते खेळ सुबक दिसावा म्हणून नव्हे. हिशोब पाहावा. १३,००० फुटांवरून निघालेला माणूस पहिल्या हजार फुटांना सुमारे दहा सेकंद घेतो, आणि वेग बसल्यावर पुढच्या प्रत्येक हजार फुटांना साडेपाच सेकंद. शिकाऊ उडीत छत्री साधारण ५,००० ते ६,००० फुटांच्या दरम्यान उघडायची असते. म्हणजे हाती पाऊण मिनिट असते. ज्याचे शरीर स्थिर नाही त्याचे सगळे लक्ष स्थिर होण्यात जाते आणि मनगटावरचे उंचीमापक पाहणे राहून जाते. खरा धोका येथे आहे. डुगडुगल्याने कोणी मरत नाही, पण डुगडुगण्यात उंची विसरल्याने माणूस मरू शकतो. म्हणून सर्व चांगल्या शाळांत सांगतात, आधी उंची पाहा, मग कमान करा, मग पाय तपासा, मग सैल व्हा. ताबा गेला आणि पाच सेकंदांत परत आला नाही तर छत्री उघडावी, स्थिर होण्याची वाट पाहत बसू नये.

फिरकी हा त्यातला वाईट प्रकार. शरीर एका बाजूला वळू लागले आणि तसेच राहू दिले तर वेग वाढत जातो, रक्त डोक्याकडे आणि हातापायांकडे फेकले जाते, डोळ्यांपुढे लाली किंवा अंधारी येते. अमेरिकन हवाई दलाचे जोसेफ किटिंजर यांनी १६ नोव्हेंबर १९५९ रोजी सुमारे ७६,००० फुटांवरून, फुग्यातून उडी घेतली. स्थिर राहण्यासाठी दिलेली लहान छत्री त्यांच्या मानेभोवती गुंतली आणि ते मिनिटाला सुमारे १२० फेऱ्या या गतीने फिरू लागले. त्यांची शुद्ध गेली. आपोआप उघडणाऱ्या छत्रीमुळे ते वाचले. शिकाऊ माणूस एवढ्या उंचीवर जात नाही, आणि त्याचे वळण सुरुवातीला अगदी सावकाश असते. ते सावकाश असतानाच थांबवावे, हाच धडा.

छत्री उघडण्याच्या क्षणी ठेवण पुन्हा कसोटीला लागते. उजवा हात मागे, कमरेखालच्या मुठीकडे जातो. एकच हात मागे गेला तर त्या बाजूचा आधार सुटतो, म्हणून त्याच वेळी डावा हात डोक्यापुढे आणायचा. कमान सोडायची नाही, आणि मूठ पाहण्यासाठी अंग पिळायचे नाही. एक खांदा खाली ठेवून छत्री उघडली तर दोऱ्यांना पीळ पडतो. डोके खाली असताना उघडली तर हिसका मानेला आणि पाठीला बसतो. मांड्यांचे पट्टे सैल किंवा कमी-जास्त असतील तर हा हिसका एकाच बाजूच्या खुब्यावर येतो, हेही कंबर धरण्याचे एक कारण. चढण्यापूर्वी पट्टे दुसऱ्याकडून तपासून घ्यावेत.

कपड्यांचाही परिणाम होतो. शीतल महाजन यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमधील पट्टाया येथे नऊवारी नेसून १३,००० फुटांवरून उडी घेतली, त्याचे आपल्याला कौतुक वाटले आणि वाटायलाच हवे. परंतु त्यामागे शेकडो उड्यांचा अनुभव होता. नवशिक्याने शाळा देईल तोच अंगाबरोबरचा पोशाख घालावा. एका बाहीचे कापड फडफडले तरी त्याला वळण लागते आणि तो कारण पायात शोधत बसतो.

घरी करण्याचे व्यायाम

दररोज पंधरा मिनिटे पुरेत. प्रथम खुबे उघडावेत. एक गुडघा चटईवर टेकून दुसरा पाय पुढे ठेवावा. टेकलेल्या बाजूचा नितंब आवळावा आणि धड सरळ ठेवून ओटीपोट पुढे न्यावे. मांडीच्या वरच्या टोकाला, पुढच्या बाजूला ताण जाणवला पाहिजे. तीस सेकंद थांबावे, मग बाजू बदलावी, असे तीनदा. कंबर मागे मोडली तर ताण नाहीसा होतो आणि व्यायाम फुकट जातो.

त्यानंतर सेतुबंधासन, पण नितंबांकडे लक्ष ठेवून. वर उचलल्यावर पाच अंक मोजावेत, दहा वेळा. मग भिंतीला पाठ, डोके आणि नितंब टेकून उभे राहावे आणि हात काटकोनात भिंतीला लावून वर-खाली सरकवावेत. संगणकावर बसणाऱ्यांचे हात भिंतीला टेकतच नाहीत, दोन-तीन आठवड्यांत टेकू लागतात. जोर करू नये.

शेवटी मुख्य सराव. पलंगावर पालथे पडून, ओटीपोट गादीवर दाबून, छाती आणि मांड्या किंचित उचलाव्यात, हात व पाय वर सांगितल्याप्रमाणे ठेवावेत. वीस सेकंद धरून सोडावे, पाच वेळा. या वेळी डोळे मिटावेत आणि घरातील कोणाला तरी पाय पाहायला सांगावे. "डावा गुडघा जास्त वाकला आहे", "टाचा जवळ आल्या", असे सांगणारे माणूस हवे. आपल्याला वाटते ती ठेवण आणि खरी ठेवण यांत केवढा फरक असतो ते पहिल्या दिवशीच कळेल. आठवडाभरात तो निम्म्याने कमी होतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. हरवलेले पाय सापडण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग. नंतर डोळे मिटून, दारातून निघण्यापासून छत्री उघडेपर्यंतची सबंध उडी, घड्याळ लावून खऱ्या वेळात मनात करून पाहावी.

ज्यांना परवडते त्यांच्यासाठी उभा वाऱ्याचा बोगदा उपयोगी आहे. त्यात पंख्यांनी खालून वारा सोडतात आणि माणूस जागच्या जागी तरंगतो. सिंगापूरच्या सेंटोसा बेटावर २०११ मध्ये असा बोगदा सुरू झाला. अमेरिका-युरोपात ते अनेक शहरांत आहेत. तेथील दहा मिनिटे म्हणजे बारा-तेरा उड्यांचा हवेतील वेळ होतो, आणि प्रशिक्षक शेजारी उभा राहून हाताने पाय सरळ करून देतो. खर्च बराच असतो. तरीही, ज्याचे पंधरा-वीस उड्या होऊनही पाय सापडत नाहीत, त्याने आणखी पाच उड्यांचे पैसे बोगद्यात घालावेत असे मी सुचवेन.

कोणी थांबावे

ज्याचा खांदा पूर्वी निखळला आहे त्याने हा भाग दोनदा वाचावा. हात खांद्याच्या उंचीला, कोपर काटकोनात आणि पंजा वर, ही स्थिती खांद्याचा सांधा पुढे निखळण्यास सर्वांत सोयीची. कबड्डीत किंवा क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षण करताना खांदा निखळतो तो याच स्थितीत. तशात वाऱ्याचा झोत लागला आणि उजवा खांदा हवेत निखळला, तर छत्रीच्या मुठीपर्यंत हात कसा पोहोचणार? अशा व्यक्तीने अस्थिरोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी, शाळेपासून ही गोष्ट लपवू नये. पुष्कळ मुले लपवतात, नाव काढून टाकतील म्हणून. आईवडिलांनी याबाबत स्पष्ट विचारावे.

मणक्याची गादी सरकलेली, हर्निया, नुकतीच झालेली पोटाची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांत वरचे पालथे व्यायामही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. फेफरे किंवा वारंवार चक्कर येणाऱ्यांनी उडीचा विचार सोडावा. १३,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्के असतो, त्यामुळे ज्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे त्यांना विमानातच डोके जड वाटते, हातपाय गळाल्यासारखे होतात. आधी रक्त वाढवावे. उपास करून, रात्रभर जागून किंवा आदल्या रात्री मद्य घेऊन उडी मारणाऱ्याची ठेवण बिघडली तर नवल नाही.

सर्दीने नाक चोंदलेले असताना उडी मारू नये. एका मिनिटात हजारो फूट खाली येताना मधल्या कानातील दाब जुळला नाही तर पडदा आत ओढला जातो, कान ठणकतो, कधी पडदा फाटतो. सर्दीच्या गोळ्या घेऊन जाणे त्याहून वाईट, कारण त्यातल्या अनेक गोळ्यांनी झापड येते. आणि सुट्टीला गावी आलेल्यांसाठी एक सूचना. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग केले असेल, तर पाण्याच्या दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन पूर्ण बाहेर पडायला वेळ लागतो. तो असतानाच उंचावर गेल्यास सांध्यांत आणि रक्तात बुडबुडे होऊ शकतात. त्यामुळे शेवटच्या बुडीनंतर निदान २४ तास उडीच्या विमानात बसू नये.